फिरतीवरच्या माणसाची पेटी : प्रकल्प नोंदी

९ मार्च २०२४, शनिवार. लॅन्सिंग, मिशिगन

शेजारच्या आजी जूनअखेर घर विकून मुलीकडे राहायला जाणार आहेत. तळघरातली जड खोकी वर आणायची होती म्हणून मला हाक मारली. परत आलो तेव्हा गाडीत तीन जुनी धनुष्यं, एक लांबट चामडी पेटी आणि कागदांची दोन खोकी होती. "नाहीतर कचऱ्यातच जाणार होतं. तुला वेड आहे ना, घेऊन जा," म्हणाल्या. वेड म्हणजे काय, तर रविवारी क्लबात अठरा मीटरवर बाण मारतो आणि बहुतेक लक्ष्याच्या मधल्या पिवळ्या वर्तुळाच्या बाहेर मारतो.

आजींचे यजमान, म्हणजे आजोबा, यांना मी फक्त शेवटची दोन वर्षं पाहिलं, तेही व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलेले. ते धनुष्यबाणाच्या कंपन्यांचे फिरते विक्रेते होते हे आज कळलं. पगारी नोकरी नव्हे. गाडी स्वतःची, पेट्रोल स्वतःचं, विकेल त्यावर कमिशन. एका कंपनीची धनुष्यं, दुसरीचे बाण, तिसरीचं चामडी सामान, असा तीन-चार घरांचा माल एकाच गाडीतून फिरवायचे.

ठरवलेलं काम: क्लबाच्या उन्हाळी मेळाव्यात (८ जून) एक टेबल मिळणार आहे. तोवर प्रत्येक वस्तूचं साल आणि कुळ शोधायचं आणि चिठ्ठी लावायची. आजोबा ज्यांच्यासाठी फिरले त्या कंपन्यांची नावं मात्र कुठे लिहायची नाहीत, अशी आजींची अट आहे. शेवट गोड झाला नव्हता म्हणे. धनुष्यं तिन्ही दुसऱ्यांची आहेत. स्पर्धकाचा माल विकत घेऊन, ओढून बघायची त्यांना सवय होती.

१० मार्च

पेटी उघडली. आत हिरवं मखमली अस्तर, त्यात खाचा. धनुष्याच्या लिंबचे, म्हणजे वाकणाऱ्या पात्याचे, वीतभर लांबीचे आडवे काप, म्हणजे आतले लाकडाचे आणि काचतंतूचे थर गिऱ्हाइकाला दिसावेत. अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांचे तुकडे, एका पुठ्ठ्यावर तारेने बांधलेले. पिसांचे नमुने, रंगाप्रमाणे. बोटांना घालायची चामडी आवरणं. एक मोजपट्टी, एक स्प्रिंगकाटा.

खोक्यांत दरपत्रकं, ऑर्डरबुकांच्या कार्बन प्रती आणि अकरा खिशातल्या डायऱ्या. पहिली १९६१ ची, शेवटची १९७२ ची. अक्षर बारीक, पेन्सिलीतलं. प्रत्येक डायरीच्या शेवटच्या पानांवर आकड्यांचे उभे रकाने आहेत, वर दोन-दोन आद्याक्षरं. काही उमगत नाही. पुढे बघू.

१६ मार्च

पहिलीच चूक आणि तीही ठळक. बेअर कंपनीच्या रिकर्व्हवर, म्हणजे टोकं उलटी वळवलेल्या धनुष्यावर, '१९५३' छापलेलं दिसलं, मी आनंदाने वहीत '१९५३ सालचं' लिहून मोकळा झालो. आज नीट वाचलं. तो मजकूर पेटंटचा आहे. आधी अमेरिकेचा क्रमांक २,६१३,६६०, मग 'कॅनडा १९५३'. म्हणजे कॅनडातल्या पेटंटचं साल. हीच ओळ त्या कंपनीने पुढे वर्षानुवर्षं छापली. जुनी धनुष्यं विकणारे अर्धे लोक ही चूक करतात आणि उरलेले अर्धे ती मुद्दाम दुरुस्त करत नाहीत.

खरं साल काढायचं तर मुठीवरचं नाणं बघायचं. १९५९ पासून बेअरच्या धनुष्यांत धातूची गोल मुद्रा बसवायला लागले. धातू अधूनमधून बदलत गेला. पितळी म्हटलं की साठचं दशक. सत्तरीत सपाट मुद्रेच्या जागी उठावाची आली. आपल्याकडचं पितळी आहे. शिवाय 'ग्रेलिंग, मिशिगन' हा पत्ता, म्हणजे १९७८ च्या आधीचं हे नक्की.

ताण '४५' आणि पुढे फुली. फुलीचा अर्थ, पंचेचाळीस पाउंडाहून किंचित जास्त. आजोबांच्या स्प्रिंगकाट्यावर अठ्ठावीस इंच ओढून बघावंसं वाटत होतं. ओढलं नाही. आधी लिंब पिळलेली आहे का, काचतंतूच्या थराला उभ्या चिरा आहेत का, थर सुटलेत का, हे उजेडात बघायला हवं. दोरी लावताना धनुष्यात पाय घालून वाकवण्याची जुनी पद्धत होती, तिनेच सगळ्यांत जास्त लिंब वाकड्या केल्या. दोरी सुरक्षित चढवायचं साधन, स्ट्रिंगर, मागवला.

२३ मार्च

फ्रेड बेअर. मिशिगनमध्ये राहून हे नाव टाळता येत नाही, इथल्या जुन्या शिकाऱ्यांत ते आदराने घेतलं जातं. पण आजोबांच्या कागदांतून बघताना मला त्यांच्यात कारागिराआधी विक्रेता दिसतो.

जन्म १९०२, पेनसिल्व्हेनिया. १९२३ मध्ये डेट्रॉइटला आले, पॅकार्ड मोटार कंपनीत साचे बनवायच्या कामावर लागले. तिथे आर्ट यंग या धनुर्धर शिकाऱ्याचा अलास्कातला चित्रपट पाहिला, पुढे त्याची ओळख झाली, त्याच्याकडून धनुष्य करायला शिकले. १९३३ मध्ये, मंदीच्या ऐन भरात, चार्ल्स पायपर नावाच्या मित्राबरोबर ६०० डॉलर भांडवलावर धंदा काढला. कशाचा? रेशमी पडद्यावरून छपाई करण्याचा. क्रायस्लरसाठी जाहिरातीचं सामान छापायचे आणि एका कोपऱ्यात धनुष्यबाण. १९३९ पर्यंत असं चाललं, मग धनुष्यांची कंपनी वेगळी झाली. १९४७ मध्ये ती ग्रेलिंगला गेली.

म्हणजे सहा वर्षं हा माणूस दुसऱ्यांच्या मोटारी विकायचे फलक छापत होता. माल बोलत नसतो, त्याला बोलका करावा लागतो, हे तिथेच अंगी मुरलं असणार. पुढे बोर्सालिनो टोपी घालून शिकारीचे चित्रपट काढले, ते क्लबाक्लबांतून दाखवले. आणि त्याच्याही आधी कायद्याकडे वळले. धनुष्याने शिकार करायला वेगळा हंगामच नसेल तर धनुष्य घेणार कोण? विस्कॉन्सिनने १९३४ मध्ये हरणाचा पहिला राखीव धनुष्य-हंगाम दिला, मिशिगनने १९३७ मध्ये. मिशिगनच्या हंगामासाठी खटपट करणाऱ्यांत बेअर होते. आधी गिऱ्हाईक जन्माला घाला, मग माल!

सुरुवातीची उत्तम धनुष्यं मात्र नेल्स ग्रम्ली नावाच्या कारागिराच्या हातची. त्यांवर त्याचं नाव असायचं. १९४८ च्या सुमारास तो बाहेर पडला आणि पुढच्या धनुष्यांवर एकाच माणसाचं नाव राहिलं.

३१ मार्च, ईस्टरचा रविवार

सगळं बंद. दिवसभर डायऱ्या वाचल्या.

प्रत्येक पानाची मांडणी तीच. वर गावाचं नाव आणि गाडीचे मैल, खाली दुकानं. दुकानं म्हणजे धनुष्यबाणाची नव्हेत. हार्डवेअरची दुकानं, मासेमारीच्या गळांची, एक न्हाव्याचं, दोन पेट्रोलपंप. एका न्हाव्याच्या दुकानात भिंतीवर सहा धनुष्यं टांगलेली, त्याने वर्षात अकरा विकली, असं लिहिलंय. प्रत्येक दुकानापुढे ऑर्डर किंवा 'एन. ओ.', म्हणजे नो ऑर्डर. आणि शेरे. हे शेरे मला सोडवत नाहीत:

"रेडिएटरशेजारी धनुष्यं टांगली आहेत. बोललो. हो म्हणाला. हलवणार नाही."

"मुलगा डावखुरा. डावरं एकच मागवलं, ते मुलगाच वापरणार."

"मागच्या खेपेचे बाण तसेच. नवे घेऊ नको असं मीच सांगितलं."

हा शेवटचा शेरा वाचून बाबांना कराडला फोन लावला. बाबा एकतीस वर्षं एम.आर., म्हणजे औषध कंपनीचे फिरते प्रतिनिधी, होते, सातारा, सांगली, कोल्हापूर, अधूनमधून कोकणात उतरायचं. लहानपणी त्यांची काळी बॅग उघडायला आम्हांला बंदी होती, त्यामुळे आत काय असतं याची स्वप्नं पडायची. त्यांना डायरी वाचून दाखवली. पहिल्यांदा हसले, मग गंभीर झाले.

"हा माणूस चांगला होता," म्हणाले. "स्टॉकिस्टच्या गळ्यात माल मारणं सोपं असतं रे. महिनाअखेर टार्गेट गाठायला सगळे तेच करतात. पण रॅकवरचा माल हलला नाही तर पुढच्या महिन्यात तो तुझ्याकडे बघणार पण नाही. नको घेऊ असं सांगणाऱ्याला दुकानदार चहा पाजतो."

इथे स्टॉकिस्टला जॉबर म्हणत. कंपनी जॉबरला देणार, जॉबर गावोगावच्या दुकानाला. रेपने, म्हणजे आजोबांसारख्या फिरत्या विक्रेत्याने, दुकानातून ऑर्डर उचलून जॉबरकडे द्यायची आणि कमिशन कंपनीकडून घ्यायचं. बाबांना हे सांगायला अर्ध मिनिट लागलं. मला दोन आठवडे लागले होते.

शेवटच्या पानांवरच्या रकान्यांबद्दलही विचारलं. आकडे दहाच्या वर जात नाहीत म्हटल्यावर म्हणाले, "मग टक्के असतील. कुणाला किती सूट दिली ते." पटण्यासारखं आहे. चिठ्ठीत 'सवलतीचा हिशोब' असं लिहून ठेवलं.

६ एप्रिल

काही नाही. पाऊस. स्ट्रिंगर आला तो चुकीच्या मापाचा.

९ एप्रिल, गुढीपाडवा

काल ग्रहण होतं. लॅन्सिंगला खग्रास नव्हतं, तरी दुपारी अंगणातल्या उजेडाला पितळेचा रंग आला होता. कामाला सुट्टी.

आज गुढीला काठी सापडेना. तळघरातलं लेमनवुडचं लांब धनुष्य सरळ करून उभं केलं तर चालेल का, असं विचारून पाहिलं. ही म्हणाली, तुझ्या त्या पेटीतलं काहीही देवाजवळ येणार नाही, आधी धूळ पूस. पडद्याचा दांडा वापरला.

१३ एप्रिल

लेमनवुडच्या त्याच धनुष्याचं कुळ. बेन पिअरसन, पाइन ब्लफ, आर्कान्सा.

आज जुन्या धनुष्यांचं नाव काढलं की सगळे बेअरचंच बोलतात, पण खपाचा राजा पिअरसन. जन्म १८९८. हौसेने धनुष्य करायला लागला, राज्याच्या स्पर्धा खेळला, मग ओक्लाहोमातल्या एका तेलवाल्याचे पैसे आले आणि घरगुती कामाचा कारखाना झाला. त्याला कळलेली गोष्ट अशी की हजारात एकाला उत्तम धनुष्य हवं असतं, बाकी नऊशे नव्व्याण्णवांना पोराच्या वाढदिवसाला परवडेल असं. शाळा, उन्हाळी शिबिरं, स्काउट. त्यासाठी लेमनवुड. नाव लिंबाचं, पण लाकूड क्यूबातलं, डेगामे नावाच्या झाडाचं. सरळ धाग्याचं, यंत्रावर एकसारखं सोलून निघणारं. यू किंवा ओसेज लाकडाचं धनुष्य करायला कारागिराला गाठी आणि वळणं वाचावी लागतात. लेमनवुडला एवढं वाचावं लागत नाही. म्हणून ते कारखान्यात चाललं.

बाण पोर्ट ऑरफर्ड सीडरचे, ओरेगनच्या किनाऱ्याकडचं लाकूड. खोक्यात या बाणांचा एक अख्खा डझन मिळाला. टोक घासलं की आजही वास येतो, पेन्सिल नुकती तासल्यासारखा.

याच कारखान्याने १९४९ पासून जॉन रस्टने शोधलेलं कापूस वेचणी यंत्रही बनवलं. एका छपराखाली धनुष्यं आणि शेजारी हजारो मजुरांचं काम काढून घेणारं यंत्र. टेबलावरच्या चिठ्ठीत हे बसणार नाही, म्हणून इथे.

२० एप्रिल

थोडं मागे गेलो, कारण क्लबातले एक गृहस्थ ठामपणे म्हणाले की धनुष्यांचा धंदा म्हणजे अमेरिकेचंच काम. छे! लंडनच्या अल्डर्सगेट स्ट्रीटवरची एफ. एच. आयर्स ही क्रीडासाहित्याची पेढी १८१० ची. थॉमस अल्ड्रेड हा लंडनचाच धनुष्यकार, एडिंबराला पीटर म्यूर. १८५७ मध्ये चेल्टनहॅमला होरेस फोर्डने दुहेरी यॉर्क राउंड या नेमबाजीच्या सामन्यात १२५१ गुण केले तेव्हा अमेरिकेत राष्ट्रीय संघटनासुद्धा नव्हती.

ती आली १८७९ मध्ये, इंडियानातल्या क्रॉफर्ड्सव्हिल गावी. आधीच्याच वर्षी मॉरिस थॉम्पसनचं धनुर्विद्येवरचं पुस्तक निघालं होतं आणि त्याने देश पेटला होता. यादवी युद्धात हरलेल्या दक्षिणेकडच्या सैनिकांना बंदूक बाळगायला बंदी, म्हणून थॉम्पसन बंधू धनुष्याने शिकार करत, ही त्या वेडामागची कथा. न्यूयॉर्कचा खेळणीवाला ई. आय. हॉर्समन लगेच धनुष्यं विकायला पुढे. लाट ओसरल्यावर तो बाहुल्यांकडे वळला आणि आज जुन्या वस्तूंच्या बाजारात त्याचं नाव बाहुल्यांसाठीच निघतं. हे मला फार आवडलं. धनुष्यावर निष्ठा वगैरे काही नाही, जे खपेल ते.

२७ एप्रिल

जुन्या बाजारात एक पोलादी धनुष्य मिळालं, अपोलो. बर्मिंगहॅमजवळच्या ओल्डबरीची अ‍ॅक्लस अँड पोलॉक ही पोलादी नळ्यांची कंपनी. तिच्या नावातूनच 'अपोलो' निघालं. नळी करणाऱ्यांनी नळीचंच धनुष्य केलं. ऊन-पावसाने वाकत नाही, लाकडासारखं थकत नाही, म्हणून दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये जोरात चाललं. खोट एकच. पोकळ नळीला आतून गंज चढतो आणि बाहेरून काही दिसत नाही. ओढता ओढता एक दिवस तुकडा पडतो, आणि तो चेहऱ्याजवळ पडतो.

दोरी लावणार नाही. चिठ्ठीवर लाल शाईने 'फक्त बघण्यासाठी'.

४ मे

पुठ्ठ्यावरच्या नळ्या. दोन तास आणि तीन कप कॉफी.

या ईस्टनच्या. डग ईस्टन, कॅलिफोर्निया. १९२२ पासून लाकडी बाण आणि धनुष्यं करणारा. लाकडाचा त्रास असा की एका डझनातले बारा बाण बारा तऱ्हांनी वाकतात. वजन जुळवा, लवचीकता जुळवा, तरी हवा दमट झाली की गणित बिघडतं. त्याने १९३९ मध्ये अ‍ॅल्युमिनियमचे बाण केले. १९४१ मध्ये लॅरी ह्यूजने ते वापरून राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं. मग अमेरिका युद्धात उतरली आणि सगळं अ‍ॅल्युमिनियम विमानांकडे गेलं. धंदा खरा उभा राहिला तो १९४६ नंतर.

नळीवर चार आकडे असतात. २०१६ म्हणजे बाहेरचा व्यास इंचाचा २०/६४ आणि नळीची जाडी इंचाचा १६ हजारांश. १८१६ असेल तर जाडी तीच, नळी बारीक. एवढंच. हे आकडे आजही चालतात. आमच्या क्लबातले निम्मे लोक 'वीस-सोळा' म्हणतात आणि त्यांना ते नुसतं नाव वाटतं. मलाही काल दुपारपर्यंत वाटत होतं.

आजोबांच्या पुठ्ठ्याची गंमत म्हणजे नळ्यांखाली त्यांनी पेन्सिलीने गिऱ्हाइकाची भाषा लिहून ठेवली आहे: 'पोरं', 'बायका, क्लब', 'हरीण', 'ज्याला सगळं माहीत आहे तो'. शेवटच्या नळीची किंमत सर्वांत जास्त.

११ मे

ग्रेलिंगला जाऊन आलो. लॅन्सिंगहून दोन तासांच्या वर, सरळ उत्तरेला. पाइनची झाडं वाढत जातात आणि रेडिओ स्टेशनं कमी होत जातात. ओसेबल नदीवर माणसं कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून ट्राउट धरत होती.

जुन्या कारखान्याची विचारपूस केली. पेट्रोलपंपावरच्या बाईंनी हाताने दिशा दाखवली आणि म्हणाल्या, माझी आई तिथे पिसं चिकटवायची. काचतंतूचा थर लाकडावर चिकटवून टिकाऊ धनुष्य करण्याचं तंत्र याच गावात पन्नाशीत बसलं, कोडियाक आणि ग्रिझली ही नावं इथूनच निघाली. लांबलेल्या संपानंतर १९७८ मध्ये कंपनी फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलला गेली. फ्रेड बेअरही गेले. १९८८ मध्ये तिथेच वारले. त्यांच्या शिकारींचं संग्रहालय आधी इथे, मग तिथे, आणि शेवटी मिझुरीतल्या एका मोठ्या दुकानसाखळीकडे गेलं.

येताना बाईंकडून पेट्रोल भरलं, चेरीचा पाय (pie) हा गोड पदार्थही घेतला.

१८ मे

आज आजींकडे बसलो होतो. कार्बन प्रती सालाप्रमाणे लावल्यावर एक खड्डा दिसत होता तो विचारला. १९६८ पर्यंत ऑर्डरी जाड होत जातात. मग दुकानांची संख्या तेवढीच, पण मोठ्या दुकानांची पानंच नाहीशी.

"हाऊस अकाउंट," आजी म्हणाल्या. दोनच शब्द, पण चहाचा कप खाली ठेवून म्हणाल्या.

पद्धत अशी. रेप एखाद्या दुकानात वर्षानुवर्षं जातो, दोन धनुष्यांवरून वीस, वीसवरून दोनशेपर्यंत आणतो. दुकानाची साखळी होते. मग कंपनी पत्र पाठवते की हे गिऱ्हाईक आता आमचं थेट खातं, यापुढे कमिशन नाही. रेपकडे उरतात न्हावी आणि पेट्रोलपंप. नालायक रेपला हा फटका बसत नाही, कारण त्याचं कुठलंच गिऱ्हाईक एवढं मोठं होत नाही.

असं का झालं याचं उत्तर बाहेरच्या घडामोडींत आहे. साठचं दशक संपता संपता या कंपन्या एकामागून एक मोठ्या उद्योगांच्या पोटात गेल्या. पिअरसनची कंपनी लीझर ग्रुपकडे. टेक्ससमधल्या जॅक्सनव्हिलची, बॉब लीची विंग आर्चरी १९६८ मध्ये हेड या स्की बनवणाऱ्या कंपनीकडे, आणि लगेच हेडच एएमएफ या बड्या उद्योगाकडे. बेअर १९६८ मध्येच व्हिक्टर कॉम्प्टोमीटरकडे, म्हणजे बेरीज-वजाबाकीची यंत्रं करणाऱ्यांकडे! नव्या मालकांना न्हाव्याच्या भिंतीवरची सहा धनुष्यं दिसत नव्हती. त्यांना साखळी दुकानांची एकगठ्ठा मागणी दिसत होती. त्यांच्या जागी मी असतो तर मला तरी काय दिसलं असतं.

तिसरं धनुष्य त्याच वाटेचं. त्यावर सिअर्स दुकानाचं लेबल आणि बेसबॉलपटू टेड विल्यम्सचं नाव. सिअर्स धनुष्यं बनवत नव्हतं. कुठल्यातरी कारखान्यातून करून घ्यायचं आणि वर खेळाडूचं नाव. म्हणजे ज्या दुकानदाराला आजोबांनी माल भरायला लावला, त्याच्या समोरच्या चौकात तसाच माल दुसऱ्या नावाने स्वस्तात. डायरीत त्या वर्षी एका दुकानापुढे लिहिलंय: "सिअर्सचं घेऊन आला, माझ्यापुढे ठेवलं. काय बोलणार."

बाबांना रात्री सांगितलं. "आमच्याकडे त्याला संस्था म्हणायचे," म्हणाले. "हॉस्पिटल मोठं झालं की मुंबईहून माणूस यायचा थेट." मग विषय बदलून आंब्यांचा भाव सांगत बसले.

२५ मे

शेवटच्या दोन डायऱ्यांत एक नवी गोष्ट डोकावते. "चाकांचं धनुष्य पाहिलं. हसलो." चार महिन्यांनी: "चाकांचं ओढून पाहिलं. हसलो नाही."

मिझुरीच्या हॉलेस विल्बर अ‍ॅलनने १९६६ मध्ये कम्पाऊंडच्या, म्हणजे या चाकांच्या धनुष्याच्या, पेटंटसाठी अर्ज केला, ते १९६९ च्या अखेरीस मिळालं. टोकांना आस मध्यापासून बाजूला सरकवलेली चाकं आणि तारा. पूर्ण ओढल्यावर हातावरचा भार घटतो. पहिला परवाना घेऊन ते बनवणारा टॉम जेनिंग्ज. जुन्या कंपन्या नाक मुरडत राहिल्या आणि दहा वर्षांत बाजार उलटा झाला. पुढे परवान्याच्या पैशांवरून कोर्टकचेऱ्याही झाल्या.

रेपच्या नजरेने पाहिलं की वेगळंच दिसतं. रिकर्व्ह न्हावीही विकू शकतो. दोरी लाव, ओढ, घे. कम्पाऊंड गिऱ्हाइकाच्या हाताच्या मापाला बसवावं लागतं, तार बदलायला ते दाबून धरणारा प्रेस लागतो, जुळवणी करणारा माणूस लागतो. म्हणजे हार्डवेअरचं दुकान बाद, धनुष्याचं खास दुकान सुरू. १९७२ च्या कायद्याने शिकारी बंदुकांसारखा ११ टक्के कर धनुष्यबाणांवरही आला. तो १९७५ पासून लागू झाला, पण आजोबांच्या डायऱ्या त्याच्या आधीच थांबतात. त्यांनी नंतर सोळा वर्षं शाळेची बस चालवली.

इथे एक गोष्ट आमच्या बाजूची. ५ ऑगस्ट २०२३ ला बर्लिनमध्ये जागतिक स्पर्धेत कम्पाऊंडमध्येच आदिती स्वामी आणि ओजस देवतळे यांनी एकाच दिवशी सुवर्ण मिळवलं. ओजसने अंतिम फेरीत १५० पैकी १५०. दोघंही साताऱ्यात सराव करणारी. बाबांच्या फिरतीचा साताऱ्याचा जो पट्टा होता, तिथे आता चाकांची धनुष्यं आहेत. या आठवड्यात फोनवर सांगितलं तर म्हणाले, "माहितेय. पेपरात आलं होतं. तू तुझं बघ, तुझा बाण पिवळ्यात जातो का?"

१ जून

धनुष्यं स्वच्छ. मऊ फडकं, सौम्य साबणाचं पाणी, मग मेण. बेअरची लिंब सरळ आहे, चिरा नाहीत. तिच्यासाठी डेक्रॉनची दोरी मागवली. आजच्या न ताणल्या जाणाऱ्या दोऱ्या जुन्या धनुष्याची टोकं फोडतात. धनुष्यावर एएमओ (धनुष्य उत्पादकांच्या संघटनेचं माप) ६० इंच लिहिलंय, म्हणजे दोरी प्रत्यक्षात ३ इंच आखूड. मापांची ही एकवाक्यता उत्पादक आणि विक्रेत्यांच्या संघटनेने आणली. तिची सुरुवात १९५३ ची. पुन्हा १९५३! या वेळी बरोबर.

दोरी लावून अठ्ठावीस इंच ओढलं. आजोबांचा काटा ४६ दाखवतो. फुली खरी ठरली.

८ जून, शनिवार

मेळावा झाला. टेबल झाडाखाली मिळालं. पोरांची गर्दी नळ्यांच्या पुठ्ठ्याभोवती, म्हाताऱ्यांची बेअरभोवती. पोलादी धनुष्य ओढायचंच असा हट्ट धरणारे चार जण भेटले, चौघांनाही लाल शाई दाखवली. एकाने विचारलं, हे १९५३ चं का? त्याच्यासाठी मी तीन महिने तयार होतो.

दुपारी आजींची मुलगी त्यांना घेऊन आली. प्रत्येक चिठ्ठी वाचली, चष्मा कपाळावर, कागद नाकाशी. न्हाव्यापाशी थांबून म्हणाल्या, फुकट केस कापायचा. मग उघडी ठेवलेली डायरी आणि 'सवलतीचा हिशोब' ही माझी चिठ्ठी. वाचली, मुलीला दाखवली, आणि दोघी इतक्या हसल्या की शेजारच्या टेबलावरचे लोक वळले.

तो यूकरचा हिशोब आहे. पत्ते. दहा गुणांवर डाव संपतो, म्हणून आकडा दहाच्या वर नाही. मोसमात एकाच रस्त्याला चार कंपन्यांचे रेप लागायचे, मोटेल एकच, रात्री खोलीत डाव. आद्याक्षरं बाकीच्या तिघांची आणि त्यांची. दिवसा एकमेकांची गिऱ्हाइकं पळवायची आणि रात्री जोडीदार म्हणून बसायचं. "आणि वाईट खेळायचा," आजी म्हणाल्या. रकाने बेरजेला लावले, खरंच आहे.

चिठ्ठी तिथेच बदलली. रात्री बाबांना सांगितलं. एक क्षण गप्प, मग म्हणाले, "हात्तेच्या. मी टक्के कसं म्हटलं? चिपळूणच्या लॉजवर आम्ही रात्र रात्र रमी खेळायचो की."

राहिलेलं: सिअर्सवालं कुठल्या कारखान्यातलं ते ठरवायचं. डायऱ्या आजींना परत करायच्या, त्या आता हव्या आहेत म्हणाल्या. पेटी माझ्याकडे राहील.